उणिवेची किंमत

रोलप्लेइंगच्या टेबलावर पहिला राक्षस यायच्या आधी एक तास जातो, कधी अख्खी संध्याकाळ जाते, आणि तेवढ्या वेळात कुणी काहीच खेळत नसतं. प्रत्येकाच्या पुढ्यात एक छापील कागद असतो. त्यावर स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स, विज्डम, करिझ्मा असे सहा रकाने, त्यांच्यापुढे आकडे, खाली शस्त्रं, कौशल्यं आणि पाठीवरच्या पिशवीत काय काय आहे त्याची यादी. हे कॅरेक्टर शीट. पुढचे कित्येक शनिवार हा कागद म्हणजेच आपण. प्रस्तुत पुस्तकाचा विषय तो पहिला तास आहे, आणि त्यातही त्या तासात काही लोक जाणूनबुजून करतात ती एक विचित्र गोष्ट: चांगला आकडा हाताशी असताना वाईट आकडा घेणं.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. 2016 साली नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली मुलं तळघरात बसून जे खेळतात, तेच हे. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग सांगतो, त्यातली सगळी माणसं आणि सगळी संकटं चालवतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. काय घडेल याची शंका असली की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या कागदावरचा आकडा मिळवायचा, पुरेसा झाला तर जमलं. शेवटी कुणी जिंकत नाही. म्हणूनच वाईट आकडा घेण्याचा प्रश्न इथे उभा तरी राहतो. जिथे जिंकायचंच असतं तिथे हौसेनं लंगडा होणाऱ्याला आपण वेडा म्हणून मोकळे होतो.

सुरुवातीला यात निवडीचा भागच नव्हता. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या छोट्या गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका होत्या. सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, बेरीज पहिल्या रकान्यात, पुन्हा टाकायचे, बेरीज दुसऱ्या रकान्यात, असं सहा वेळा. अठरा पडण्याची शक्यता 216 मध्ये एक, तीन पडण्याचीही तेवढीच. पदरी पडलं आणि पवित्र झालं. गंमत म्हणजे त्या मूळ पुस्तिकांमध्ये या आकड्यांना फारसं वजन नव्हतं. ताकद अठरा असो की सात, तलवार सारखीच लागायची. ज्याच्या त्याच्या धंद्याचा मुख्य आकडा मोठा असेल तर अनुभवाचे गुण पाच-दहा टक्के जास्त मिळत, जवळजवळ एवढंच. पुढच्याच वर्षी, 1975 मध्ये, ‘ग्रेहॉक’ नावाची पुरवणी आली आणि ताकदीचा आकडा वार लागण्याशी आणि जखमेच्या खोलीशी जोडला गेला. उणिवेला किंमत आली ती तेव्हापासून.

मग लोकांनी फाशांशी घासाघीस सुरू केली, आणि नियमपुस्तकांनी तिला परवानगी दिली. 1979 च्या डंजन मास्टरांच्या मार्गदर्शक ग्रंथात पहिली सुचवलेली रीत अशी: चार फासे टाका, सगळ्यात लहान टाकून द्या, उरलेल्या तिन्हींची बेरीज घ्या आणि हव्या त्या रकान्यात लिहा. सरासरी साडेदहावरून सव्वाबाराच्या आसपास गेली. गरजही होती. त्या काळच्या पॅलाडिनला, म्हणजे देवाच्या नावानं लढणाऱ्या शुद्ध योद्ध्याला, करिझ्मा किमान सतरा लागायचा. साध्या तीन फाशांवर तो 54 पैकी एकाला पडणार. पॅलाडिन व्हायचंच अशा हट्टाला पेटलेली पोरं टेबलाखाली फासे टाकायला शिकली ती याच नियमामुळे, असा माझा वहीम आहे.

याच सुमारास दुसऱ्या एका खेळानं नशिबाला निराळं वळण दिलं. मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’, साल 1977, अंतराळातला. इथे पात्र अठराव्या वर्षी एखाद्या सेवेत भरती होतं, चार-चार वर्षांच्या पाळ्या करतं आणि प्रत्येक पाळीत काही शिकतं. पण प्रत्येक पाळीत जगण्याचा फासाही टाकावा लागतो, आणि तो चुकला तर पात्र मेलं. खेळ सुरू व्हायच्या आधी, कागद भरता भरता. स्काउट्स या सेवेत भरती झालात तर दोन फाशांवर सात किंवा जास्त हवं, म्हणजे शंभरात जेमतेम अठ्ठावन्न. लोक या नियमाला हसतात. मला तो फार हुशारीचा वाटतो. आणखी एक पाळी करावी की आहे तेवढ्यावर बाहेर पडावं, हा प्रश्न पात्राला पडतो तसाच खेळाडूलाही पडतो. चौतिसाव्या वर्षी निवृत्त झालेला, दोनच कौशल्यं गाठीला असलेला माजी नाविक हा आकड्यांनी कमी असतो, पण तो वाचलेला असतो. त्याच्या कमीपणाला कारण असतं.

ऐंशीच्या दशकात फाशांची जागा हिशेबानं घेतली. ‘चॅम्पियन्स’ (1981) आणि स्टीव्ह जॅक्सन यांचा ‘गर्प्स’ (1986) या खेळांत तुम्हाला ठरावीक गुण मिळतात आणि त्यांत पात्र विकत घ्यायचं असतं. त्या वेळच्या ‘गर्प्स’मध्ये नेहमीच्या नायकाला शंभर मिळत. आणखी हवेत? मग उणिवा घ्या. एक डोळा नसेल तर पंधरा गुण परत. अशा चाळीस गुणांपर्यंतच्या उणिवा, वर बारीकसारीक लकबींचे पाच. शंभराचे एकशे पंचेचाळीस झाले. साहजिकच ज्या उणिवांचा कधी त्रासच होणार नाही अशा उणिवांचा बाजार तेजीत आला. वाळवंटातल्या कथेसाठी पाण्याची भीती घेणारा खेळाडू प्रत्येक टेबलावर एकदा तरी भेटतो. कागद लग्नाच्या बायोडेटासारखा होतो: दोष म्हणून लिहायचं काय, तर ‘थोडा हट्टी’ आणि ‘कामाची फार सवय’.

पण ‘चॅम्पियन्स’मध्ये एक बारीक कलम होतं आणि या सबंध विषयाची किल्ली मला त्यात दिसते. तो सुपरहिरोंचा खेळ. तिथे सुपरहिरोला जपावी लागणारी एखादी म्हातारी आत्या किंवा प्रेयसी ही उणीव म्हणून घेता येते. तिचे गुण किती, हे ती किती असहाय आहे यावर ठरतं, आणि त्याबरोबर ती कथेत किती वेळा अडकणार यावरही. खेळ सुरू होताना डीएम तीन फासे टाकतो. आठ किंवा कमी पडले तर आत्या आज संकटात, असं ठरवलं असेल तर ती साधारण चार वेळांत एकदा येईल. अकरा ठरवलं असेल तर शंभरात बासष्ट-त्रेसष्ट वेळा. चौदा ठरवलं तर जवळजवळ दर वेळी, आणि गुणही त्या प्रमाणात जास्त. म्हणजे उणीव किती मोठी आहे हे पात्राकडे बघून पुरतं कळतच नाही. टेबलावर ती किती वेळा हजेरी लावते, यावर ते ठरतं.

पुढे 1999 साली ‘सेव्हन्थ सी’ या समुद्री तलवारबाजीच्या खेळानं हिशेब उलटाच केला. मागावर असलेला शत्रू, फसलेलं प्रेम, डोक्यावरचं ऋण यांचे गुण तुम्हाला मिळत नाहीत, उलट ते गुण खर्चून घ्यावे लागतात. संकट विकत घ्यायचं! मोबदला नंतर येतो: ते संकट खेळात उगवलं की अनुभवाचे जादा गुण. फुकटची उणीव घेणारे एका फटक्यात गायब, कारण जी उणीव कधी उगवणारच नाही तिच्यावर पदरचे पैसे कोण घालेल?

आता ज्या गोष्टीवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात तिकडे वळू. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची तिसरी आवृत्ती 2000 साली आली. तिच्यात पात्राला ‘फीट’ नावाची खास वैशिष्ट्यं निवडता यायची. त्यातलं एक टफनेस, म्हणजे तीन हिट पॉइंट, मरण्याआधी सोसता येणाऱ्या जखमांचे गुण, जास्त. पहिल्या पातळीच्या काटकुळ्या एल्फ मांत्रिकाकडे तीन-चारच हिट पॉइंट असत, त्याला हे वरदान. दहाव्या पातळीच्या योद्ध्याला तेच तीन पॉइंट म्हणजे दर्यामें खसखस. आवृत्तीच्या तीन कर्त्यांपैकी एक, मॉन्टी कुक, यांनी नंतर एका लेखात मोकळेपणानं लिहिलं की काही पर्याय काही जागीच उपयोगी आहेत हे आम्हाला ठाऊक होतं, खेळाडूनं ते स्वतः शोधून काढावं असा विचार होता, पण ते सांगून टाकायला हवं होतं. या कबुलीवर लोकांनी पुष्कळ तोंडसुख घेतलं. माझ्या मते तिचा महत्त्वाचा भाग निराळा आहे. न कळता झालेली वाईट निवड आणि कळून केलेली वाईट निवड कागदावर अगदी सारख्या दिसतात. टफनेस घेतलेल्या नवख्याला ‘वा, काय वेगळं पात्र!’ असं म्हणणं ही शुद्ध क्रूरता आहे. त्याला वेगळं काही करायचंच नव्हतं, त्याला मजबूत व्हायचं होतं.

कळून केलेल्या निवडीची किंमत मात्र आकड्यांतच पाहावी. 2014 च्या पाचव्या आवृत्तीतला पहिल्या पातळीचा योद्धा घेऊ. ताकद सोळा असेल तर वाराला तीन मिळतात, चौदा असेल तर दोन. वीस बाजूंच्या फाशावर हा फरक विसांत एकदाच जाणवतो, असं चौदावाले नेहमी सांगतात, आणि वार लागण्यापुरतं ते खरंही आहे. पण ताकद जखमेतही मिळते. समोर तेरा चिलखताचा गडी आहे, म्हणजे वार लागायला एकूण तेरा हवेत, आणि हातात लांब तलवार आहे. प्रत्येक योद्ध्याला मिळणारी सरावाची भर धरून सोळावाल्याचा वार शंभरात पासष्ट वेळा लागतो आणि सरासरी साडेसात इजा करतो. चौदावाल्याचा साठ वेळा, इजा साडेसहा. दर वारामागे हिशेब केला तर पहिल्याचं काम सुमारे 4.9, दुसऱ्याचं 3.9. एक पंचमांश कमी. जाणवतं, पण चालून जातं. आता कुणी म्हणालं, माझा योद्धा दुखण्यातून उठलेला आहे, त्याची ताकद आठ. त्याचा वार शंभरात पंचेचाळीस वेळा लागणार, इजा साडेतीन, दर वारामागे 1.6. सोळावाल्याच्या तिसरा हिस्साही नाही. अशी लढाई एखादी फेरी लांबते, आणि त्या जादा फेरीत राक्षसाचे पंजे जे अंगावर घेतं ते पात्र दुसऱ्याच कुणाचं तरी असतं.

या पुस्तकातल्या लेखांशी माझं पुरतं जमतं असं नाही, पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. कमकुवत पात्र हा एकट्याचा निर्णय नसतो. ‘माझं पात्र आहे, मी काहीही करेन’ हे वाक्य टेबलावरच्या चौघांपैकी एक जण बोलतो आणि त्याचं बिल बाकीचे तिघे भरतात. ते आनंदानं भरतीलही. उत्तम कथा बहुतेक वेळा अशाच उसनवारीवर चालतात. त्यांना आधी विचारलेलं असावं, एवढंच माझं म्हणणं.

‘ड्रॅगनलान्स’ कादंबऱ्यांतला रेस्टलिन हा मांत्रिक घ्या. ‘ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट’ हे मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांचं पुस्तक 1984 चं. या कादंबऱ्यांच्या जोडीचा खेळ तयार होताना तो खेळून पाहणाऱ्या एका खेळाडूनं रेस्टलिनची वाक्यं घोगऱ्या, कुजबुजत्या आवाजात म्हटली आणि तो आवाज कायमचा त्याचा झाला. खोकून खोकून वाकणारा, काठीवर रेललेला, कुत्सित रेस्टलिन वाचकांना अतोनात आवडला. त्याच्याशेजारी चालणारा जुळा भाऊ कॅरामन मात्र विसरला जातो. धिप्पाड, चांगल्या मनाचा, भावाला धरून उठवणारा, त्याच्यासाठी काढा उकळणारा. रेस्टलिनच्या शरीराची उणीव कॅरामन पानोपानी फेडत असतो, आणि कॅरामन नसता तर ती उणीव दुसऱ्या प्रकरणातच जीव घेऊन गेली असती. तुमच्या टेबलावर कॅरामन व्हायला कोण तयार आहे, हे विचारल्याशिवाय रेस्टलिन लिहू नये.

आणखी एक घोळ मला इथे सोडवायचा आहे. लोकप्रिय ‘कमकुवत’ पात्रांपैकी बरीचशी मुळात कमकुवत नसतातच. ‘क्रिटिकल रोल’ हा 2015 पासून इंटरनेटवर दाखवला जाणारा खेळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्यातला ग्रॉग आठवेल. प्रचंड देहाचा बार्बेरियन, इंटेलिजन्स सहा. त्याच्या मठ्ठपणावर प्रेक्षक खूश. पण बार्बेरियनला लढायला इंटेलिजन्स लागतच नाही, तेव्हा जिथे दुखत नाही तिथेच तो रिकामा आहे. हिशेबी खेळाडूनंही आकडे असेच मांडले असते. शिवाय सहाचा अर्थ वजा दोन, म्हणजे सामान्य माणसापेक्षा शंभरात दहा वेळा जास्त चूक. टेबलावर मात्र आपण सहावाल्याला दार ढकलायचं की ओढायचं तेही कळत नसल्यासारखा खेळवतो. हा अभिनय आहे, उत्तम अभिनय आहे, त्याला त्यागाचं बिरूद नको. यातूनच उलटंही निघतं: हिशेबानं घट्ट बांधलेलं पात्र आणि जिवंत पात्र यांच्यात वैर नाही. आकडे चोख लावणाऱ्याला नट म्हणून कच्चा समजणं आणि आकडे बिघडवणाऱ्याला कलावंत समजणं, दोन्ही आळशीपणाचे निवाडे आहेत.

तलवार लागते की नाही याच्यावर ज्यांचा डोलारा उभा नाही असे खेळ आहेत, आणि तिथे ही सगळी वजाबाकी वेगळी होते. सँडी पीटरसन यांचा ‘कॉल ऑफ क्थुलू’ (1981) लव्हक्राफ्टच्या भयकथांवर उभा आहे. ग्रंथपाल, प्राध्यापक, जुन्या वस्तूंचा व्यापारी अशी तिथली पात्रं. समोर जे येतं त्याला बंदुकीचं काही वाटत नाही, त्यामुळे नेमबाज होण्यात अर्थ नसतो. ग्रंथालयात बसून जुनी कागदपत्रं उलगडणाऱ्याचं कौशल्य जीव वाचवतं. आणि ते ज्ञानही फुकट नाही. त्या भयंकर विद्येतला तुमचा आकडा जितका वाढेल तितकी तुमच्या मानसिक तोलाची कमाल मर्यादा नव्व्याण्णववरून खाली येते. शहाणं होणं हीच तिथे दुर्बलता. 1986 च्या ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’मध्ये फासा टाकून धंदा ठरतो, आणि नायक व्हायला आलेल्या माणसाच्या वाट्याला उंदीर पकडणाऱ्याचं काम येतं, सोबत एक लहान पण चावरं कुत्रं. त्या कुत्र्यावर लोकांनी जीव टाकला. 2012 च्या ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’नं तर कहर केला: प्रत्येकाला तीन-चार गावकरी द्यायचे, आकडे जसे पडतील तसे, कुणी मैला वाहणारा, कुणी चीज बनवणारा, आणि सगळ्यांना एकदम भुयारात लोटायचं. जो जिवंत बाहेर येईल तो तुमचा नायक. इथे उणिवेचा भार कुणा एकावर पडत नाही, कारण सगळेच तिच्यात बुडालेले असतात.

‘फेट’ या खेळानं या भाराला चलन दिलं. 2013 च्या ‘फेट कोअर’मध्ये प्रत्येक पात्राला एक अडचण शब्दांत लिहावी लागते, उदाहरणार्थ ‘धाकट्या भावाला नाही म्हणता येत नाही’. ऐन मोक्याच्या वेळी डीएम एक टोकन पुढे सरकवतो: भावाचा निरोप आला आहे, जातोस? गेलात तर टोकन तुमचं, पुढे कामी येईल. नाही म्हणायचं असेल तर पदरचं एक टोकन द्यायचं. अडचणीत पडणाऱ्याला मजुरी मिळते, इतरांनाही ती मिळताना दिसते, आणि ‘हा मुद्दाम घोळ घालतोय’ ही कुरकुर उगवतच नाही. पाचव्या आवृत्तीनंही दोष लिहायला एक रकाना दिला आणि तो वठवला तर इन्स्पिरेशन नावाचं बक्षीस द्यावं असं डीएमला सांगितलं. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक टेबलांवर तो रकाना पहिल्या दिवशी भरला जातो आणि नंतर त्याच्यावर चहाचा पेला ठेवला जातो.

यात डीएमचं कामही आलंच. कुणी बोलता न येणारं पात्र आणलं, तर बोलण्यावाचून अडेल असा दरबार आणि बोलण्यावाचून सुटेल असा जंगलातला पाठलाग, दोन्ही त्यानं मांडायला हवेत. नुसता दरबार मांडला तर ती शिक्षा झाली, नुसतं जंगल मांडलं तर ती उणीव नुसती शोभेची. व्हिडिओ गेममध्ये, अगदी ‘बाल्डर्स गेट 3’सारख्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमांवरच बेतलेल्या गेममध्येसुद्धा, इतकी मोकळीक मिळत नाही, तिथली वाट आधी बांधून ठेवलेली असते. टेबलावर डीएम पुढच्या शनिवारची वाट शुक्रवारी रात्री बदलू शकतो.

राहता राहिला पश्चात्तापाचा प्रश्न. पात्र लिहिलं, दोन-तीन वेळा खेळलं आणि लक्षात आलं की हे झेपत नाही, तर काय? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या संघटित खेळात, ॲडव्हेंचरर्स लीगमध्ये, पाचव्या पातळीला पोचेपर्यंत पात्र नव्यानं बांधू देण्याची मुभा दिली गेली, आणि घरच्या टेबलांनीही ती उचलावी. मी देतो. आकडे बदला, जात-धंदा बदला, नावही बदला. ज्या उणिवेपायी दुसऱ्याच्या पात्राचा हात तुटला असेल ती पुसायची असेल, तर मात्र मी ठरवत नाही. ज्याचा हात तुटला त्याला विचारून या, असं सांगतो.